मेलबर्न आणि ग्रेट ओशन रोड : बसगाड्या परत गेल्यावर

बुधवार : विमानतळ, मेतकूट आणि पहिली कॉफी

मेलबर्नचं ठरलं तेव्हापासून घरात दोन पक्ष होते. नवऱ्याला एमसीजी, म्हणजे मेलबर्नचं क्रिकेट मैदान, बघायचं होतं आणि मला समुद्र. शहराला थोडे दिवस, किनाऱ्याला थोडे, असा तह झाला. मार्चचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला. तिकडचा उन्हाळा तेव्हा ओसरायला लागतो, शाळा सुरू झालेल्या असतात आणि मार्चच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेच्या जोडसुट्टीआधी खोल्या परवडतात. सिंगापूरमार्गे विमान, पाय आखडलेले, झोप नाही. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायला हवं ते खाण्याच्या तपासणीबद्दल. ऑस्ट्रेलिया या बाबतीत फार कडक आहे. विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर बॅगेतला खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करायचा. आम्ही भाकरवडी, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट असं सगळं जाहीर केलं आणि बाजूच्या रांगेत गेलो. तिथल्या तरुण अधिकारी मुलीने मेतकुटाची पुडी उजेडात धरली.

"हे काय आहे?"

"डाळी आणि तांदूळ भाजून केलेलं पीठ."

"कशाबरोबर खाता?"

"गरम भात आणि तूप."

"तूप आणलंय का?" तिने लगेच विचारलं. नाही म्हटल्यावर हसली आणि पुडी परत दिली.

नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा : पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नेऊ नका, भारतातले दुधाचे पदार्थ चालत नाहीत. ताजी फळं, बिया, कढीपत्ता घरीच ठेवा. बाकीचं पाकीटबंद न्या आणि जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर टाकून देतील, लपवलेल्या वस्तूला मोठा दंड आहे.

विमानतळावरून स्कायबसने सदर्न क्रॉस स्टेशन गाठलं, हॉटेलात बॅगा टाकल्या आणि झोप येऊ नये म्हणून पायी निघालो. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे. चढायचं, बसायचं, उतरायचं. त्या हद्दीबाहेर मायकी हे भाड्याचं कार्ड लागतं. ३५ नंबरची जुनी तपकिरी-लाल सिटी सर्कल ट्राम शहराला चक्कर मारून आणते. पहिल्या दिवशी जड डोळ्यांनी हिंडायला याहून सोयीचं काही नाही.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनची पिवळी इमारत १९१० सालची. दारावर ओळीने घड्याळं आहेत, त्यांवर गाड्यांच्या वेळा दिसतात, आणि सगळं शहर एकमेकांना 'घड्याळांखाली भेटू' असं सांगतं. समोर फेडरेशन स्क्वेअर, पलीकडे होझियर लेन. या गल्लीतल्या भिंतींवर रंगवायला मुभा आहे, त्यामुळे आज पाहिलेलं चित्र उद्या असेलच असं नाही. आम्ही गेलो तेव्हा एक मुलगा शिडीवर चढून कुणाच्या तरी रंगवलेल्या चेहऱ्यावर सरळ पांढरा रंग मारत होता. नवरा हळहळला. मुलाला त्याचं काही नव्हतं.

कॉफी डिग्रेव्हज स्ट्रीटला घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन आणि ग्रीक लोकांनी या शहराला कॉफीचं वेड लावलं, आणि आता इथला माणूस कॉफीबद्दल जितक्या गांभीर्याने बोलतो तितका हवामानाबद्दलही बोलत नाही. मला फ्लॅट व्हाइट आवडली. नवऱ्याने साखर मागितली तेव्हा वाढणाऱ्या मुलाने दिली, पण बघितलं असं की मीच ओशाळले.

गुरुवार : बाजार, वाचनालय आणि फिरलेला वारा

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८ पासून आहे. सोमवारी आणि बुधवारी बंद असतं, हे बघून दिवस ठरवा. सकाळी लवकर जा. दुपारपर्यंत भाजीवाले आवरायला लागतात.

माझं सासर रत्नागिरीचं, त्यामुळे मी आधी मासळीच्या दालनात. स्नॅपर, फ्लॅटहेड, बॅरामुंडी, बर्फावर मांडलेली कोळंबी. एका म्हाताऱ्या विक्रेत्याने मला स्नॅपरचे कल्ले उघडून बघताना पाहिलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. "तुला कळतं," म्हणाला. तो ग्रीक, लहानपणी बोटीने आलेला. मी हॉटेलात राहते, घेणार काहीच नाही, हे सांगितल्यावरही त्याने विचारलं की घरी असतीस तर कसा केला असतास. मी आमसूल, तिरफळ, ओला नारळ सांगायला लागले. आमसूल कसं असतं ते समजावण्यात पाच मिनिटं गेली. "म्हणजे लिंबाऐवजी," असं तो शेवटी म्हणाला आणि मी वाद घातला नाही.

बाजारात खायच्या दोन गोष्टी. पालक आणि चीज भरलेला तुर्की बोरेक शाकाहारी लोकांना पोटभर होतो. आणि १९५० पासून उभ्या असलेल्या गाडीवरचे जॅम डोनट. त्यांची रांग लांब असते पण भराभर सरकते. डोनट साखरेत घोळवून कागदी पिशवीत देतात. बाहेरून कोमट वाटतो, आतला जॅम मात्र उकळता. नवऱ्याने पहिलाच घास मोठा घेतला आणि पुढची दहा मिनिटं तो काही बोलला नाही.

दुपारी स्टेट लायब्ररी. तिकीट नाही. १८५६ साली सर्वांसाठी मोफत उघडलेलं हे वाचनालय, आणि त्यातली ला ट्रोब रीडिंग रूम १९१३ची. अष्टकोनी दालन, वर भलामोठा घुमट, मधल्या चौथऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखी पसरलेली लाकडी टेबलं आणि प्रत्येकावर हिरव्या शेडचा दिवा. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं खाली मान घालून बसलेली. वरच्या गॅलऱ्यांतून बघता येतं, फक्त बोलायचं नाही.

तिथेच नेड केलीचं चिलखत आहे. हा इथला दरोडेखोर. काहींना नायक, काहींना खुनी. नांगराच्या फाळांचं लोखंड ठोकून त्याने आणि साथीदारांनी चिलखतं केली आणि १८८० साली ग्लेनरोवनला पोलिसांशी शेवटची झुंज दिली. धड आणि डोकं झाकलं, पण पाय उघडे राहिले. गोळ्या पायांवर बसल्या. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला त्याला फाशी दिली, ती वाचनालयाजवळच्याच जुन्या तुरुंगात. काचेमागचं ते लोखंड जवळून बघितलं की गोळ्यांचे पोचे दिसतात. मला ते चिलखत शूर वाटलं नाही, फार जड वाटलं. चाळीस किलोंहून अधिक वजन घालून माणूस पळणार कसा?

बाहेर पडलो तेव्हा उत्तरेकडचा गरम वारा सुटला होता. फोनवर पस्तीस अंश. यारा नदीच्या काठाने चालत होतो. या नदीचं इथल्या मूळच्या वुरुंजेरी लोकांचं नाव बिररंग. समोरून धावत येणाऱ्या बाईने जाता जाता सांगितलं, "दहा मिनिटांत जॅकेट लागेल." आम्ही हसलो. खरोखर थोड्या वेळात झाडांची पानं उलटी झाली, दक्षिणेकडून गार झोत आला आणि पारा जो घसरला तो विशीत जाऊन थांबला. मेलबर्नमध्ये एका दिवसात चार ऋतू, असं इथले लोक म्हणतात. उन्हाळ्यातही वाऱ्याचं जॅकेट पिशवीत हवंच. आणि सनस्क्रीन. ढगाळ दिवशीही इथलं ऊन भाजतं, आपल्या सावळ्या कातडीवर विसंबू नका.

शुक्रवार : नवऱ्याचा दिवस

एमसीजीची टूर सामना नसलेल्या दिवशी असते आणि स्वयंसेवक घेतात. आमच्या वाट्याला सत्तरीपुढचे एक गृहस्थ आले. प्रत्येकाला देश विचारत होते. आम्ही भारत म्हटल्यावर डोळे मिचकावून म्हणाले, "मग तुम्हाला सनीचं फाटक दाखवायला हवं. पण ते आता नाही."

फेब्रुवारी १९८१. सुनील गावसकर ७० धावांवर, लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं, आणि ते रागाने चेतन चौहानलाही बरोबर घेऊन निघाले. मैदानाच्या कडेला संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी आडवे आले, चौहानला परत पाठवलं आणि कसोटी वाचली. चौहान म्हणजे आपल्या पुण्याच्या वाडिया कॉलेजचा. पुढे ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ हव्या होत्या. दुखऱ्या पायाने कपिलदेवने २८ धावांत पाच बळी घेतले आणि ते ८३त गारद झाले. आमचे वाटाडे म्हणाले की ते स्वतः त्या दिवशी इथे होते. "आम्ही सनीवर ओरडलो, दुसऱ्या दिवशी कपिलने आम्हाला गप्प केलं." ज्या जुन्या पॅव्हिलियनकडे गावसकर निघाले होते ते २००६च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी पाडून नवं बांधलं. त्यांनी हवेत बोटाने ती जागा आखून दाखवली.

नवऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र १९८५ होतं. बेन्सन अँड हेजेस स्पर्धा, पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना, रवी शास्त्रीला मिळालेली ऑडी आणि टपावर-बॉनेटवर बसून मैदानाला फेरी मारणारा सगळा संघ. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी ऑडी हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

सीमारेषेशी उभं केलं तेव्हा नवरा मधोमध बघत राहिला. "खेळपट्टी कुठाय?" खेळपट्टी नव्हतीच! इथली खेळपट्टी बाहेर तयार करून आणून बसवतात, आणि मार्चमध्ये फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की उचलून नेतात. मैदानभर सलग हिरवं गवत. इतक्या लांबून येऊन बावीस यार्डांचं दर्शन नाही, यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पाहुण्या संघाच्या खोलीतल्या फलकावर रहाणेचं नाव दोनदा वाचल्यावर थोडं सावरलं : २०१४मध्ये १४७, २०२०मध्ये ११२. ॲडलेडला ३६त सर्वबाद झाल्यानंतरच्या त्या ११२. त्या सामन्यात सामनावीराला पहिल्यांदाच मुल्लाघ पदक दिलं गेलं आणि ते रहाणेला मिळालं. जॉनी मुल्लाघ हा १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या संघातला खेळाडू. तो संघ इथल्या आदिवासी खेळाडूंचा होता, आणि ऑस्ट्रेलियातून परदेश दौऱ्यावर गेलेला तो पहिला क्रिकेट संघ. क्रिकेटमधलं मला फारसं कळत नाही, पण ही गोष्ट मला सगळ्या टूरमध्ये आवडली.

खेळपट्टी बघायचीच असेल तर डिसेंबर-जानेवारीत या. तेव्हा सगळंच महाग असतं, तेही सांगून ठेवते.

शनिवार : टॉर्की ते अपोलो बे

गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवर आम्ही राखून ठेवलेली छोटी गाडी नव्हतीच. दोन तास बसवून ठेवल्यावर 'अपग्रेड' म्हणून एक अवाढव्य एसयूव्ही मिळाली. वळणांच्या अरुंद रस्त्यावर ती चालवताना नवऱ्याचा घाम निघाला आणि पेट्रोल आमच्याच खिशातून गेलं. घाईत सही करू नका, आणि टोलचं काय ते तिथेच विचारून घ्या. शहरातल्या टोलरस्त्यांना नाकी नाहीत, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल मागाहून येतं. आपला इंग्रजीतला परवाना पर्यटकाला चालतो. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, ही मोठी सोय.

आता माझा मुद्दा. बहुतेक लोक ग्रेट ओशन रोड मेलबर्नहून बसने एका दिवसात करतात. सकाळी सातला निघून रात्री नऊला परत, त्यातला निम्माअधिक वेळ सीटवर. जमत असेल तर असं करू नका. दोन रात्री किनाऱ्यावर राहा. पैसे कमी असतील तर शहरातला एक दिवस कापा.

टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंत साधारण २४० किलोमीटरचा हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात खोदला. कुदळ, फावडं, सुरुंग आणि हातगाड्या. मेलेल्या साथीदारांचं स्मारक म्हणून. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान आहे आणि शेजारी काम करणाऱ्या सैनिकांचा पुतळा. या कामगारांची एक गोष्ट ऐकली : १९२४ साली 'कसिनो' नावाची बोट किनाऱ्याजवळ अडकली, हलकी व्हावी म्हणून तिने बिअरची ५०० पिंपं आणि दारूच्या १२० पेट्या समुद्रात टाकल्या. त्या वाहत किनाऱ्याला लागल्या आणि रस्त्याचं काम दोन आठवडे बंद पडलं. कुणालाही सांगावं लागलं नसावं.

लॉर्नला पोहोचेपर्यंत अडीच वाजून गेले होते आणि जिथे जाऊ तिथे स्वयंपाकघर बंद. इकडच्या गावांत जेवणाची वेळ म्हणजे वेळ. दुपारचं दोन-अडीचपर्यंत, रात्रीचं आठपर्यंत. शेवटी फिश अँड चिप्स घेऊन गवतावर बसलो. मासा ताजा होता, त्याबद्दल तक्रार नाही. हळद, तिखट, मीठ लावून अर्धा तास ठेवला असता तर काय झाला असता, एवढंच मनात आलं. तेवढ्यात पिवळ्या तुऱ्याचा पांढराशुभ्र काकाकुवा टेबलावर उतरला, आमच्याकडे एक डोळा तिरका करून बघितलं आणि सर्वांत लांब चिप उचलून शेजारच्या टेबलावर जाऊन निवांत खात बसला. पायात धरून, टोक मोडून. लॉर्नमध्ये या काकाकुव्यांचं राज्य आहे.

केनेट रिव्हरला गाड्या थांबलेल्या आणि माणसं माना वर करून उभी दिसली की समजायचं, कोआला. निलगिरीच्या फांदीच्या बेचक्यात करडं गाठोडं. दिवसातले अठरा-वीस तास झोपणारा प्राणी, त्यामुळे तो काही करेल या आशेने थांबू नका. आमच्या गाठोड्याने एकदा काख खाजवली आणि खाली उभ्या असलेल्या वीस जणांनी एकदम 'ओह' केलं.

अपोलो बेला मुक्काम. नवऱ्याने इथला प्रसिद्ध स्कॅलॉप पाय खाल्ला, म्हणजे शिंपल्यातलं मांस भरलेली पेस्ट्री. आत पिवळसर, करीची चव असलेली ग्रेव्ही. त्याला आवडला. मला पीठ फार वाटलं.

रविवार : ऑटवेचं जंगल, बारा नसलेले बारा

अपोलो बेनंतर रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि बरंच झालं. माणसापेक्षा उंच नेचे, दमट गारवा, आणि सरळसोट माउंटन ॲश. ही निलगिरीचीच जात, फुलं येणाऱ्या झाडांत जगातली सर्वांत उंच. खिडक्या उघड्या ठेवून चाललो. फोनला रेंज नव्हती, नकाशा आधीच उतरवून घ्या. चौथ्या की पाचव्या वळणावर एका निवांत जागी गाडी थांबवून भाकरवडी खाल्ली. बिनपोळीचा डबा!

ट्वेल्व्ह अपॉसल्सना (येशूचे बारा शिष्य, असं समुद्रातल्या सुळक्यांना दिलेलं नाव) दुपारी दीडला पोहोचलो आणि माझा विरस झाला. वाहनतळ भरलेला, डोक्यावर हेलिकॉप्टर, कठड्याला सेल्फीच्या काठ्या. चुनखडीचे हे सुळके म्हणजे कड्यांचेच तुकडे. समुद्राने कड्यात गुहा कोरली, गुहेची कमान झाली, कमान कोसळली, सुळका उरला. आणि सुळकाही उरत नाहीच. २००५च्या जुलैमध्ये एक उभाच्या उभा कोसळला. नाव बारांचं असलं तरी बारा कधीच नव्हते. त्याआधी या जागेला 'डुकरीण आणि पिल्लं' अशा अर्थाचं नाव होतं. पर्यटन खात्याला काय सोयीचं वाटलं असेल ते समजू शकते.

आम्ही पोर्ट कॅम्पबेलला खोली घेतली, बेकरीतून सँडविच घेतले (इथलंही हॉटेल आठला बंद) आणि संध्याकाळी साडेसहाला परत गेलो. मेलबर्नच्या बसगाड्या गेल्या होत्या. हेलिकॉप्टर थांबलेलं. कठड्याशी मोजून दहा-बारा जण. मार्चच्या सुरुवातीला सूर्य आठच्या सुमारास मावळतो, आणि तोवरच्या तासाभरात तेच सुळके राखाडीचे केशरी, मग वाइनच्या रंगाचे झाले. दुपारी जिथे उभं राहायला जागा नव्हती तिथे नवरा थर्मासमधला चहा ओतत बसला. शेजारी ॲडलेडहून आलेल्या दोघी बहिणी होत्या, सत्तरीच्या आसपासच्या. त्यांनी आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी सँडविचला लावून खाल्ली, डोळ्यांत पाणी आणलं आणि आणखी मागितली.

परतताना गाडी साठच्या पुढे नेली नाही. तिन्हीसांजेला कांगारू आणि वॉलबी रस्त्यावर येतात, आणि धडक झाली तर गाडीचंही काही उरत नाही. मुक्काम जवळ ठेवण्याचं हेही एक कारण.

सोमवार : लॉक आर्ड

सकाळी सातला लॉक आर्ड गॉर्जला. कुणीही नव्हतं. अपॉसल्ससाठी लोक जगभरातून येतात, मला विचाराल तर या किनाऱ्यावरची खरी जागा ही.

दोन उंच कडे, मधून समुद्राचा चिंचोळा फाटा आणि आत वाळूची छोटी पुळण. लाकडी जिन्याने खाली उतरता येतं. १८७८ साली लंडनहून तीन महिने प्रवास करून 'लॉक आर्ड' हे जहाज मेलबर्नला निघालं होतं. आदल्या रात्री प्रवाशांनी प्रवास संपल्याची मेजवानी केली. १ जूनला पहाटे धुक्यातून कडे दिसले तेव्हा उशीर झाला होता. जहाज मटनबर्ड बेटाच्या खडकावर आपटलं. ५४ जणांपैकी दोघं वाचली : टॉम पिअर्स हा शिकाऊ खलाशी आणि ईव्हा कारमायकल ही आयर्लंडहून कुटुंबासह निघालेली मुलगी. दोघंही अठरा-एकोणीसची. टॉम उलट्या झालेल्या होडीला धरून या फाट्यात शिरला. वाळूला लागल्यावर त्याला पाण्यातून हाक ऐकू आली, तो पुन्हा पोहत गेला आणि तिला ओढून आणलं. गुहेत ठेवलं, वाहून आलेल्या पेटीतली ब्रँडी पाजली आणि स्वतः कडा चढून मदत शोधायला गेला.

खाली वाळूवर उभं राहिलं की गोष्ट वाचून कळत नाही ते कळतं. लाटा फाट्याच्या तोंडाशी फुटतात आणि आत येईपर्यंत शांत होतात, पण तिथवर पोहोचण्यासाठी त्या तोंडातून यावं लागतं. आणि वर बघितलं की तो कडा. पायऱ्या आज आहेत.

ईव्हाचे जहाजावरचे आईवडील आणि भावंडं सगळी गेली. वर्तमानपत्रांना आणि लोकांना या दोघांचं लग्न हवं होतं. ती काही महिन्यांनी आयर्लंडला परतली, टॉम पुन्हा समुद्रावर गेला. मला दोघांचंही पटलं. जीव वाचवला म्हणून संसार करायलाच हवा, हे लोकांना कोण सांगतं? वर कड्यावर छोटं कब्रस्तान आहे. जहाजातला चिनीमातीचा भलामोठा मोर मात्र पेटीतच किनाऱ्याला लागला, जवळपास धक्काही न लागता. तो वॉर्नंबूलच्या फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयात आहे. वेळेअभावी तिथवर गेलो नाही.

पुढे लंडन आर्च. इथे दोन कमानींचा नैसर्गिक पूल होता. जानेवारी १९९०मध्ये किनाऱ्याकडची कमान कोसळली तेव्हा दोन पर्यटक समुद्राकडच्या तुकड्यावर अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. नवरा म्हणाला, "बघ, त्यांना दोन मिनिटं आधी घाई करायला हवी होती." माझ्या घाई न करण्याच्या धोरणावरचा टोमणा होता तो.

परतताना किनाऱ्याने आलो नाही. कोलॅकवरून आतला रस्ता सपाट आणि तीन तासांचा आहे.

मंगळवार : फिलिप आयलंड

मेलबर्नच्या दुसऱ्या अंगाला, दोन तासांवर. सॅन रेमोहून पूल ओलांडला की बेट. आधी नॉबीजच्या लाकडी वाटेवर हिंडलो. वारा असा की बोलणं ऐकू येत नव्हतं आणि वाटेत करडी केप बॅरन बदकं बिनधास्त चरत होती.

संध्याकाळी पेंग्विन परेड. तिकीट माणशी दोन हजार रुपयांच्या आसपास, आणि आधीच काढावं लागतं. समोर समुद्र, मागे पायऱ्यांवर आम्ही आणि शेजारी कोल्हापूरचे काका-काकू, मुलाकडे मेलबर्नच्या टारनीट उपनगरात आलेले. मराठी ऐकल्यावर काकूंनी दशमी आणि लसणाची चटणी पुढे केली. काका नाराज होते. "मी म्हटलं पेंग्विन म्हंजे असा कमरेएवढा असंल. ह्यो वीतभर!"

लिटल पेंग्विन ही जगातली सर्वांत लहान जात. उंची तेहतीस सेंटिमीटर, वजन किलोभर. अंधार पडल्यावर पाण्याच्या कडेला आधी नुसता फेस दिसला, मग फेसातून सात-आठ पांढरी पोटं उभी राहिली. थांबली. एकाने पुढे पाऊल टाकलं, समुद्रपक्षी ओरडला आणि सगळे परत पाण्यात. पुन्हा आले. पुन्हा मागे. तिसऱ्या वेळी एकजण धावत सुटला आणि बाकीचे पंख पसरून, अडखळत त्याच्यामागे. "आता गेलं! आता गेलं!" काका उभे राहून म्हणाले आणि रेंजरने त्यांना हाताने खाली बसवलं.

गर्दी याच वेळी उठते. तुम्ही उठून थेट गाडीकडे जाऊ नका. परतीच्या लाकडी वाटेच्या दोन्ही बाजूंना बिळं आहेत आणि पेंग्विन हाताच्या अंतरावरून चालतात. मार्चमध्ये काही जण पिसं टाकत असतात. नवी पिसं येईपर्यंत अंगात पाणी शिरतं, म्हणून दोन-तीन आठवडे समुद्रात जाता येत नाही आणि खायलाही मिळत नाही. असा एक विस्कटलेला, निम्मी पिसं लोंबणारा, बिळाच्या तोंडाशी चिडून उभा होता. मला सगळ्यांत तोच आवडला. फोटो काढायला सक्त मनाई आहे आणि ती पाळा.

या किनाऱ्यावर पूर्वी घरांची वसाहत होती. १९८५ पासून सरकारने एकेक मालमत्ता विकत घेतली, २०१०पर्यंत सगळी घरं हलवली आणि जमीन पेंग्विनना परत दिली. पंचवीस वर्षं लागली. वाहनतळावर पाटी आहे : गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा. काकांनी दोनदा बघितलं. आम्ही रात्र बेटावरच्या काउज गावातच काढली.

बुधवार : रंगीत खोल्या आणि केक

गाडी परत करून ब्रायटनला लोकलने गेलो. वाळूवर ओळीने रंगीत लाकडी खोल्या, आंघोळीनंतर कपडे बदलायला बांधलेल्या. वीज नाही, नळ नाही, आणि विकल्या जातात लाखो डॉलरला. नवऱ्याने रुपयांत हिशेब केला आणि पुढचा अर्धा तास त्याच विषयावर बोलला. फोटोपुरतं ठीक, अर्ध्या तासाहून जास्त वेळ ठेवू नका.

तिथून सेंट किल्डा. शहरातून यायचं तर ९६ नंबरची ट्राम. १९१२ सालच्या लुना पार्कचं जबडा वासलेलं दार लहान मुलांना घाबरवेल असंच आहे. ॲकलंड स्ट्रीटवर युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी सुरू केलेली केकची दुकानं, काचेत रचलेले थर. खसखशीचा केक घेतला. जड, कमी गोड, काळाभोर. एकात दोघांचं भागतं, दोन घेऊ नका.

विमान रात्रीचं होतं, हॉटेलने बॅगा सांभाळल्या. जून ते सप्टेंबर येणार असाल तर वॉर्नंबूलपर्यंत नक्की जा. लोगन्स बीचवरच्या कठड्यावरून सदर्न राइट व्हेल पिल्लांसह दिसतात. मार्चमध्ये दिसत नाहीत. थंडी मात्र भरपूर असेल, आणि एमसीजीवर तेव्हाही खेळपट्टी नसेल.